फिडलच्या ओल्ड-टाइम ट्यून्स बॅन्जोवर कशा बसवायच्या? (क्लॉहॅमर शिकणाऱ्यांसाठी)

डोंगरवाट

मंडळी, मी नॉर्थ कॅरोलिनात डरहमला राहतो आणि पाच तारांचा बॅन्जो वाजवतो, क्लॉहॅमर पद्धतीने. इथल्या आणि भारतातल्याही काही जणांनी विचारलं की सुरुवात कशी करायची, टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेलं) कुठून घ्यायचे, कुठली ट्यून आधी, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ओल्ड-टाइम म्हणजे अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागातलं जुनं लोकसंगीत, आणि फिडल म्हणजे व्हायोलिनच. हे ब्लूग्रास नाही. अर्ल स्क्रग्जने 1940च्या दशकात जी तीन बोटांची शैली गाजवली त्यात बोटांना पिक्स लावून तारा छेडतात, बॅन्जोला मागे रेझोनेटर (लाकडी झाकण) असतो आणि प्रत्येक वादक आळीपाळीने सोलो घेतो. ओल्ड-टाइममध्ये सोलो नाही. सगळे एकच धून एकत्र वाजवतात, दहा दहा मिनिटं तीच, फिडल पुढे आणि बॅन्जो त्याला चिकटून. बॅन्जो बहुतेक ओपनबॅक, म्हणजे मागून उघडा.

उजव्या हाताचं काम असं: हाताची बोटं पंजासारखी वाकवायची आणि तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या नखाने तार वरून खाली मारायची. खेचायची नाही, मारायची. पहिल्या मात्रेला एक तार, दुसऱ्या मात्रेला दोन-तीन तारांवरून झाडू मारल्यासारखा ब्रश आणि लगेच अंगठ्याने पाचवी तार. ही पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी पाचव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे सतारीचा पडदा तसं) गळ्याच्या बाजूला असते आणि ती सतत एकच वरचा सूर देत राहते, सतारीच्या चिकारीचं जे काम तेच. या ठेक्याला सगळे बम-डिटी म्हणतात. अंगठा प्रत्येक फटक्याबरोबर पाचव्या तारेवर टेकलाच पाहिजे, वाजवायचा असो वा नसो. हे हाडात मुरलं की अर्धं काम झालं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी धागा काढला. टॅब बाजूला ठेवा आणि फिडल ऐका. या सगळ्या धुनी फिडलच्या आहेत, बॅन्जोसाठी लिहिलेलं काही नाहीये, आणि टॅब म्हणजे कुणीतरी एका बॅन्जोवाल्याने एका दिवशी जे वाजवलं त्याचे आकडे. तुम्ही ते आकडे पाठ केले की तुम्हाला आकडे येतात, धून येत नाही, आणि मग जॅममध्ये (चार जण जमून एकत्र वाजवतात तिथे) फिडलवाल्याने थोडं वेगळं वळण घेतलं की हात थांबतो. त्यापेक्षा एकच ट्यून घ्या, एकाच फिडलवाल्याची, आणि स्वयंपाक करताना गाडी चालवताना ती इतकी ऐका की गुणगुणता आली पाहिजे. गुणगुणता आल्याशिवाय बॅन्जो हातात घ्यायचाच नाही.

मग सांगाडा शोधायचा. फिडलवाला आठ सूर वाजवत असेल तर त्यातले ठोक्यावर पडणारे तीन-चारच खरे वजनदार असतात. ते नखाने वाजवा, मधली जागा ब्रश आणि अंगठ्याने भरा. एवढ्यानेही ट्यून ओळखू येते आणि जॅममध्ये बसायला पुरते. नंतर हॅमर-ऑन (डाव्या बोटाने तारेवर ठोकणं), पुल-ऑफ (डाव्या बोटाने तार ओढून सोडणं), स्लाइड (बोट तारेवरून घसरवणं), आणि शेवटी ड्रॉप थंब (अंगठा पाचव्या तारेवरून आतल्या तारेवर आणून मधला सूर वाजवणं) एकेक करून घाला. उलट्या क्रमाने गेलात तर सूर सगळे येतील पण ठेका हरवेल, आणि ठेका हरवलेल्या क्लॉहॅमरला काही अर्थ नाही.

सुरुवातीला अँजेलिन द बेकर घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. डी पट्टीत आहे, आणि पाचच सूर आहेत, सा रे ग प ध, म्हणजे आपल्या कानाला भूपाचे सूर आयतेच ओळखीचे. स्टीफन फॉस्टरच्या 1850च्या गाण्यावरून ती आली पण डोंगरातल्या फिडलवाल्यांनी तिचं रूप पार बदलून टाकलंय.

---

ठेकाधारी

मस्त धागा. मी ठाण्यात असतो, तबला वाजवतो. युट्यूबवर क्लॉहॅमर ऐकून वेड लागलंय. दोन प्रश्न. एक, आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बँजो आणि हा, यांचा काही संबंध आहे का? दोन, यांचा ताल कसा मोजतात, कारण मला सम कुठे आहे तेच कधीकधी कळत नाही.

---

डोंगरवाट

@ठेकाधारी, मिरवणुकीतला बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं वाद्य, बुलबुलतरंगाच्या घराण्यातलं, ते जपानच्या ताइशोगोतोवरून आलंय. याच्याशी नातं नाही.

तालाचं मात्र तुम्हाला खूप सोपं जाईल. बहुतेक ट्यून्सचे दोन भाग असतात, ए आणि बी, प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. एक भाग आठ मेझर्सचा (मेझर म्हणजे तालाचा छोटा कप्पा), मेझरला दोन ठोके धरले तर 16 मात्रा. म्हणजे एक भाग बरोबर त्रितालाच्या एका आवर्तनाएवढा आणि अख्खी ट्यून चार आवर्तनं. खाली-भरी वगैरे काही नाही अर्थात, पण तुम्ही मनात त्रिताल धरून बसलात तर भाग कुठे संपतो हे कधीच चुकणार नाही. अडचण येते ती क्रूकेड ट्यून्समध्ये, तिथे कुठेतरी एखादी मात्रा जास्त किंवा कमी असते, आणि त्या तशाच वाजवायच्या असतात, सरळ करायच्या नाहीत. जुन्या फिडलवाल्यांनी ती मात्रा मोजून घातलेली नव्हती, धून तशीच त्यांच्या कानात होती.

---

रानजाई

मी इथे फिडलची बाजू मांडते, कारण सगळे बॅन्जोवाले बॅन्जोचंच बोलतात. मी व्हर्जिनियात राहते, लहानपणी मैसूरला असताना कर्नाटकी व्हायोलिन शिकले होते, आणि इथे आल्यावर ओल्ड-टाइम फिडलकडे वळले.

पहिल्या जॅमला एका आजोबांनी फिडलच्या खालच्या दोन तारा वर चढवल्या आणि ए-ई-ए-ई असं लावलं तेव्हा मी उडालेच, कारण ते आमचं सा प सा प! कर्नाटक पद्धतीत व्हायोलिन असंच लावतात. इथे त्याला क्रॉस ट्यूनिंग म्हणतात. नेहमीचं जी-डी-ए-ई लावूनही ए मधल्या ट्यून्स वाजतात पण क्रॉस लावलं की न छेडलेल्या तारा आपोआप गुंजायला लागतात आणि पूर्ण वाद्य बोलतं. बॅन्जोवाल्यांनी हे मुद्दाम ऐकावं, कारण फिडल तसं लावलेलं असेल तर वाजवणारा दोन तारा एकत्र घासत असतो आणि तुम्हाला जो सूर मुख्य वाटतोय तो कधीकधी नुसता ड्रोन (तंबोऱ्यासारखा सतत गुंजणारा सूर) असतो. मेलडी शोधताना नवे लोक इथेच फसतात.

दुसरं म्हणजे बो, म्हणजे गज. डोंगरवाटनी सांगाड्याचं लिहिलंय ते पटलंच, पण नुसते सूर ऐकू नका, उजवा हात ऐका. नॅशव्हिल शफल नावाची बोइंगची पद्धत आहे, एक लांब आणि दोन आखूड, एक लांब आणि दोन आखूड. आता बम-डिटी म्हणून बघा. तेच आहे की नाही? बो आणि पंजा एकाच वेळी एकाच जागी वजन देतात तेव्हा दोन वाद्यांचं एक होतं. गिटार डोंगरात विसाव्या शतकात रुळली, त्याआधी नाचाला फिडल आणि बॅन्जो एवढंच असायचं आणि तेवढ्यावर अख्खं घर नाचायचं. मला अजूनही हे दोघंच असले की सगळ्यात आवडतं.

बॅन्जोवाल्यांना माझी कळकळीची विनंती, माझा प्रत्येक सूर पकडायचा प्रयत्न करू नका. मला तुमच्याकडून ठेका हवाय.

---

सप्तक

थोडा असहमत. टॅब बाजूला ठेवा, सांगाडा वाजवा, ठेका द्या, हे ओल्ड-टाइममध्ये इतकं बोललं जातं की नव्या माणसाला वाटतं मेलडी पूर्ण वाजवणं म्हणजे पाप. 1970च्या दशकापासून मेलडिक क्लॉहॅमर नावाची रीतसर शैली आहे, केन पर्लमनसारख्या लोकांनी फिडलची प्रत्येक नोट क्लॉहॅमरवर आणून दाखवली, आणि ती ऐकायला फार सुंदर आहे. मी न्यू जर्सीत राहतो, आजूबाजूला एकही फिडलवाला नाही, मी घरी एकटा वाजवतो. माझ्यासारख्याने नुसतं बम-डिटी करत बसायचं का? एकट्या बॅन्जोवर सांगाडा वाजवला तर ऐकणाऱ्याला ट्यून कळतच नाही.

आणि टॅबबद्दल म्हणाल तर माझ्यासारखा चाळिशीनंतर पहिल्यांदा वाद्य हातात घेणारा माणूस, ज्याचा कान कधी तयारच झाला नाही, त्याला कुठून तरी सुरुवात करावी लागते. मी टॅबवरूनच शिकलो आणि आज वाजवतो.

---

डोंगरवाट

@सप्तक, एकट्याने वाजवताना मेलडी जास्त लागते हे शंभर टक्के मान्य. पर्लमन मी पण ऐकतो आणि ते काम अवघड आहे, त्याला माझा विरोध नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. तुमचं मेलडिक वाजवणं चांगलं लागतंय कारण ठेका आधी पक्का झाला असणार, नसता तर ते सूर नुसते एकामागून एक पडत गेले असते.

टॅबबद्दल मी ठाम आहे पण. चाळिशीनंतर कान तयार होत नाही हे मला मान्य नाही, तुम्ही जुनी मराठी गाणी न चुकता गुणगुणता ना, तोच कान आहे. यूट्यूबवर स्पीड 0.75 किंवा 0.5 करा, एक भाग घ्या, त्यातलं एकच वाक्य घ्या, ते गा, मग तारेवर शोधा. पहिली ट्यून बसायला फार वेळ लागतो. दुसरीला कमी. नंतर नंतर असं होतं की जॅममध्ये कधी न ऐकलेली ट्यून सुरू झाली तरी चौथ्या-पाचव्या फेरीला हात आपोआप तिच्या आसपास फिरायला लागतो, आणि ते टॅबमधून कधीच येत नाही.

---

सप्तक

गुणगुणण्याचा मुद्दा पटला. टॅब मी सोडणार नाही :) पण पुढची ट्यून तुमच्या पद्धतीने करून बघतो. ट्यूनिंगबद्दल लिहा ना कुणीतरी नीट, तिथे सगळ्यांचा गोंधळ होतो.

---

डोंगरवाट

ट्यूनिंग. लिहितो, थोडं मोठं होईल.

मूळ धरा ओपन जी: पाचवी तार वरचा जी, मग चौथी डी, तिसरी जी, दुसरी बी, पहिली डी. जी मधल्या ट्यून्स यात. फिडलवाले जी पेक्षा ए मध्ये खूप वाजवतात (क्रिपल क्रीक, ओल्ड जो क्लार्क), तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा एकदम दाबणारा चिमटा) लावायचा आणि पाचवी तार ए ला चढवायची. पाचवीला तो कॅपो पोचत नाही, म्हणून सातव्या फ्रेटपाशी बारीक खिळा ठोकलेला असतो आणि तार त्याच्याखाली अडकवायची. हे खिळे मूळचे खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे, आजही लोक तेच वापरतात. स्वतः ठोकू नका, जाणकाराकडून करून घ्या.

डी मधल्या ट्यून्ससाठी डबल सी: ओपन जी वरून चौथी तार डी ची सी करा, दुसरी बी ची सी करा, म्हणजे जी-सी-जी-सी-डी झालं. वर कॅपो दोन आणि खिळा, की झालं डबल डी. अँजेलिन, सोल्जर्स जॉय, ओव्हर द वॉटरफॉल सगळ्या यात बसतात.

तिसरं म्हणजे सॉमिल, माउंटन मायनर पण म्हणतात. ओपन जी मध्ये फक्त दुसरी तार बी ची सी करायची. यात मेजर-मायनर काहीच ठरत नाही असा एक भणभणता आवाज येतो, तो मला सगळ्यात प्रिय. क्लक ओल्ड हेन त्यात वाजवून बघा, कॅपो दोन लावून ए मध्ये.

आपल्याकडच्या कानाला अजून एक सोय. ओल्ड जो क्लार्कमध्ये निषाद कोमल आहे, बाकी शुद्ध, म्हणजे खमाज थाटाचे सूर. दुसऱ्या काही ट्यून्समध्ये गंधारही कोमल येतो, मग काफी थाट. राग नाहीत हे, पकड-चलन काही नाही, पण सूर ओळखायला हे एवढं ज्ञान पुष्कळ होतं.

आणि हो, दर ट्यूनला बॅन्जोवाल्याला खुंट्या पिळाव्या लागू नयेत म्हणून जॅममध्ये तास दीड तास एकाच पट्टीत वाजवतात. आज ए चालू आहे म्हटलं की ए. मध्येच डी ची ट्यून सुचवू नका.

---

शेवंती

वाचतेय, वाजवत काही नाही पण इतिहासात रस आहे. बॅन्जो म्हटलं की डोंगरातले गोरे शेतकरी असंच चित्र डोळ्यापुढे येतं. हे वाद्य मुळात आफ्रिकेतून आलं ना?

---

डोंगरवाट

@शेवंती, बरं झालं विचारलंत, हे मीच आधी लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. हो. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन लोकांनी कॅरिबियनमध्ये आणि अमेरिकेत भोपळ्याला कातडं लावून ही वाद्यं बनवली. सेनेगल-गाम्बियाकडच्या जोला लोकांचं अकोंटिंग नावाचं वाद्य आहे, तेही नखाने वरून खाली मारून आणि अंगठ्याने आखूड तार छेडून वाजवतात. त्याचे व्हिडिओ बघा, हात बघून लगेच कळतं की क्लॉहॅमरचा हात कुठून आलाय. गोऱ्या लोकांनी हे वाद्य काळ्या वादकांकडून उचललं, 1840च्या दशकात मिन्स्ट्रेल शोमधून चेहऱ्याला काळं फासून त्यांचीच टिंगल करत ते देशभर नेलं, आणि पुढे विसाव्या शतकात रेकॉर्ड कंपन्यांनी फिडल-बॅन्जो म्हणजे गोऱ्यांचं हिलबिली संगीत आणि ब्लूज म्हणजे काळ्यांचं अशी वाटणी करून टाकली. त्यात काळे फिडलवाले पार झाकले गेले.

मी राहतो तिथून जवळच मेबेन नावाचं गाव आहे. काळे फिडलवादक जो थॉम्प्सन तिथले, 1918 चा जन्म, घरात पिढ्यांपासून फिडल, चुलतभाऊ ओडेल बॅन्जोला. 2005 मध्ये इथल्याच बून गावात ब्लॅक बॅन्जो गॅदरिंग झालं, त्यानंतर रिआनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन ही तरुण मंडळी जो थॉम्प्सन यांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर बसून शिकली आणि कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला. पुढे त्यांना ग्रॅमीही मिळालं. 2012 मध्ये जो थॉम्प्सन गेले. म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी का होईना, एक धागा हातातून हातात गेला. टॅबविरुद्ध मी इतका आग्रहाने का बोलतो त्याचं कारणही हेच आहे, ते तिघे तिथे बसून ऐकत होते, वाजवत होते.

---

रानजाई

हेच राउंड पीक भागातल्या वादकांचं. नॉर्थ कॅरोलिनात सरी काउंटीत, माउंट एअरीजवळ. टॉमी जॅरल (1901-1985) रस्ते खात्यात ग्रेडर चालवायचे, वडील बेन जॅरल यांच्याकडून फिडल शिकलेले. निवृत्तीनंतर देशभरातून मुलंमुली यायची आणि ते सगळ्यांना घरात घेऊन बरोबर वाजवायला बसवायचे. फ्रेड कॉकरम आणि काइल क्रीड हे त्यांच्या बरोबरीचे बॅन्जोवाले. त्यांचं फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बॅन्जोवरचं वाजवणं ऐका, सूर एकातून दुसऱ्यात घसरत जातो, आपल्या कानाला मींड आवडते ना, मग हे आवडणारच.

ऐकायला कुठून सुरुवात करायची तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर हेन्री रीड यांची रेकॉर्डिंग्ज फुकट आहेत. व्हर्जिनियातल्या ग्लेन लिनचे, 1884 चा जन्म. ॲलन जाबर नावाच्या तरुण अभ्यासकाने 1966-67 च्या सुमारास टेपरेकॉर्डर घेऊन जाऊन त्यांचं वाजवणं टिपलं. ओव्हर द वॉटरफॉल आज प्रत्येक जॅममध्ये वाजते ती त्यांच्यामुळे. स्लिपरी हिल म्हणूनही एक साइट आहे, हजारो जुनी रेकॉर्डिंग्ज, ट्यूनच्या नावाने शोधा आणि एकाच ट्यूनची चार रूपं पाठोपाठ ऐका. चारही वेगळी असतात. मग "बरोबर" कुठली हा प्रश्नच उरत नाही.

---

ठेकाधारी

त्रितालाने काम झालं! काल सोल्जर्स जॉय लावून मात्रा धरल्या, ए-ए-बी-बी स्वच्छ दिसलं. आता वेगळीच अडचण. तबल्यामुळे मला नखं वाढवता येत नाहीत, चाटीवर लागतात. नखाशिवाय क्लॉहॅमर होतं का?

---

डोंगरवाट

होतं. नख बोटाच्या टोकापेक्षा किंचित पुढे असलं तरी पुरतं, लांब नखाची गरज नाही. उलट लांब नख तारेत अडकतं. अगदीच कापलेलं असेल तर उलटा बसवायचा पिक मिळतो, नखावर घालायचा. काही जण ॲक्रिलिक नख करून घेतात, काही पिंगपाँग बॉलचा तुकडा नखाला चिकटवतात, तो चांगला वाजतो. पण तुम्हाला तबल्याला तर्जनी जास्त लागते, म्हणून मधल्या बोटाने मारायची सवय लावा, पुष्कळ चांगले वादक मधल्या बोटानेच मारतात.

---

गुहागरचा_वारा

मी कोकणात असतो, भाऊ अमेरिकेहून येताना बॅन्जो आणणार आहे. कुठला सांगू? आणि पावसाळ्यात टिकेल का? माझ्या हार्मोनियमचं दर पावसाळ्यात काहीतरी होतंच.

---

डोंगरवाट

@गुहागरचा_वारा, पहिल्यांदा घेताय तर डीअरिंगचा गुडटाइम ओपनबॅक सांगा. कॅलिफोर्नियात बनतो, हलका, साधा, आणि पुढे विकायचा झाला तरी किंमत येते. कातड्याचं हेड (बॅन्जोच्या तोंडावर ताणलेलं आवरण) कोकणात अजिबात नको, दमट हवेत सैल पडतं आणि आवाज बसतो. मायलरचं (प्लास्टिकचं) हेड घ्या, ते हवेने फारसं बदलत नाही. गळा मात्र लाकडाचाच, त्यामुळे जून ते सप्टेंबर केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या वरचेवर वाळवा. तारांना गंज धरेल, दोन-तीन सेट जास्तीचे मागवा, आणि हेड घट्ट करायची किल्ली पण. आवाज फार खणखणीत वाटला तर आत हेड आणि मधल्या दांड्याच्या मध्ये जुनं फडकं कोंबा, इथेही सगळे तेच करतात.

---

सप्तक

अपडेट. ओव्हर द वॉटरफॉल हेन्री रीड यांच्या रेकॉर्डिंगवरून घेतोय, टॅब न उघडता. ए भाग झाला. बी भागात एक जागा आहे तिथे फिडल झर्रकन वरून खाली उतरतं, ते ड्रॉप थंबने गाठता येत नाहीये. वेग कमी करूनही नाही.

---

रानजाई

ती उतरण सोडून द्या. ज्या सुरावर ती सुरू होते तो घ्या, जिथे पोचते तो घ्या, मध्ये बम-डिटी. फिडलला ती जागा मोकळी लागते.

---

डोंगरवाट

आणि घरी एकटे वाजवत असाल तेव्हा तिथे दोन पुल-ऑफ टाका, उघड्या तारेवर उतरणारे. डबल सी मध्ये दुसरी आणि पहिली तार एकाच सुराच्या अंतरावर आहेत, त्यामुळे पहिलीवरून दुसरीवर येताना हात जागेवरून हलवावा लागत नाही. सावकाश करा, पाचवी तार चुकवू नका. झालं की इथे रेकॉर्डिंग टाका.